उलटा हाकारा

२० ऑक्टोबर १९८६
रोजनिशी लिहिण्याची मला आवड नाही. संस्थेचे सचिव वासुदेवराव यांनी आज मी रुजू होताच हातात हुकूम ठेवला: संगणकाच्या खोलीत रोज काय झाले ते मुख्याध्यापिकेने स्वतः लिहावे. म्हणून लिहिते.

देवळीहून सकाळच्या एस.टी.ने हिंगणघाटला उतरले. शाळा गावाबाहेर, कपाशीच्या शेतांना लागून आहे. हवा मोकळी, वर्गांतले फळे स्वच्छ पुसलेले. मन प्रसन्न झाले. मला राहायला मागच्या बाजूची खोली मिळाली. शिपाई डोमाजी आणि त्याची बायको धुरपता आवारातच राहतात. कुंपणाशी त्यांची वांग्या-मिरच्यांची वाडी आहे. धुरपताने माझी ट्रंक उचलली आणि विचारले, "मॅडम, याच्यात पुस्तकं हायेत का गिट्टी?" जेवायला तिनेच भरीत-भाकर दिली. उत्तम होते.

संगणकाची खोली व्हरांड्याच्या टोकाला. दार एकच, मागच्या अंगाला खिडकी, तिला लोखंडी गज.

२२ ऑक्टोबर
सरकारी योजनेतल्या या यंत्राबरोबर खेळांच्या कॅसेटी आल्या आहेत. मुलांना दाखवण्याजोग्या आहेत का, हे मी पाहायचे. कॅसेट लावली की यंत्रात खेळ चढेपर्यंत टेपमधून कानठळ्या बसवणारी किंकाळी येते.

एक खेळ भुयाराचा आहे. पडद्यावर हिरव्या रेघांच्या वाटा, त्यांत आपण एक ठिपका. भुयारात एक आंधळा प्राणी आहे. तो दिसत नाही. जवळ आला की यंत्र टकटक करते. त्याच्याशी लढता येत नाही. एका वाटेत दगड फेकायचा, आवाजाच्या रोखाने तो तिकडे धावला की दुसऱ्या वाटेने निसटायचे. आवाज कुठे करायचा आणि गप्प कधी राहायचे, एवढीच विद्या. मला ती लवकर साधली. वर्गातही दुसरे काय करतो आपण?

२४ ऑक्टोबर
डोमाजी झाडता झाडता पाहत उभा राहिला. म्हणाला, दगड कायले फेकता, डबा वाजवा, पयते का नाई पाहा. मी सांगितले, हा प्राणी आवाजाने पळत नाही, जवळ येतो. तो हसतच सुटला. "डब्याच्या आवाजानं जवळ येनारं जनावर मी नाई पाह्यलं मॅडम. सरकारी असन!" धुरपता दारातून म्हणाली, यांच्या डब्यानं डुकरं तं जात नाईत, वावरातले शेजारी तेवढे उठतात.

रानडुकरे वाडी उकरतात म्हणून हे दोघे रात्री कुंपणाने तेलाचे रिकामे डबे बडवत फिरतात. इकडे सगळेच असा हाकारा घालतात. या दोघांचा ठेका मात्र असा जुळतो, की एकच माणूस वाजवतो आहे असे वाटावे.

२७ ऑक्टोबर
दिवाळीची सुटी लागली. डोमाजी आणि धुरपता समुद्रपूरला नातेवाइकांकडे गेले. शाळेत मी एकटी.

दुपारी खेळात शेवटच्या दालनाशी पोचले. दगड संपले होते. स्वतः हाक मारण्याची कळ असते, ती दाबली. टकटक वाढत वाढत माझ्या ठिपक्यापाशी आली आणि थांबली. ठिपका मेला नाही. टकटक पुन्हा कुठेच ऐकू आली नाही. सगळ्या वाटा फिरून पाहिल्या. भुयार रिकामे.

त्याच वेळी व्हरांड्यात ओले पोते ओढल्यासारखा आवाज झाला. बाहेर कोणी नव्हते. यंत्र बंद केले.

२८ ऑक्टोबर
सकाळी प्रयोगशाळेत माझ्या हातून स्टूल पडले. मी बाहेर आले तोच ते पोते घासत आले. भिंतीला चिकटून उभी राहिले. दिसले काहीच नाही. फक्त व्हरांड्यातले ऊन एका जागी विझले होते, आणि ती जागा सरकत होती. माझ्या पदराजवळून आत गेली.

नंतर पाहिले. स्टुलाचे लोखंडी पाय पिळून काढलेल्या धुण्यासारखे झाले होते.

मी विज्ञानाची पदवीधर आहे. पडताळा घेतला. खडूची पेटी लांब फेकली. ऊन तिकडे विझत गेले.

फाटकाशी कुत्रा भुंकला. एकदाच.

२९ ऑक्टोबर
पळून जाता आले असते. पण डोमाजी-धुरपता परत येतील, आणि ती दोघे गप्प राहणारी माणसे नाहीत. जिथून आले तिथे ते परत घालवले पाहिजे. म्हणून कॅसेट पुन्हा लावली.

टेपची किंकाळी मी विसरले होते. ते लगेच आले. खेळ चढण्याआधी वीज गेली.

मी आतून कडी लावली. आता ते दाराशी आहे. दाराखालची उजेडाची फट काळी झाली आहे. खोकला पदरात दाबते आहे. सुरईत घोटभर पाणी आहे. ओतायचे धाडस होत नाही.

३० ऑक्टोबर
फट अजून काळीच. पाय वळले आहेत, हलवत नाही. पेन्सिलीचा आवाजही मोठा वाटतो —

दुपार
डोमाजी आणि धुरपता खिडकीशी. मी ओठांवर बोट ठेवले, कुजबुजून सगळे सांगितले. त्यांना वाटते बिबट शिरला. निघून जा म्हणून हात जोडले. धुरपता कुजबुजली, तुमाले असं टाकून जाऊ? मानसं आहोत आमी, दगड नाई. डोमाजीही हळूच म्हणाला, भेऊ नका मॅडम, आत्ता पयवतो.

डबे आणायला गेले. ओरडून थांबवता येत नाही. ओरडले तर —

थोड्या वेळाने
डबे वाजताहेत. व्हरांड्याच्या त्या टोकाला. जुळलेला ठेका.

फटीतला काळोख हलला. उजेड आला. दार मोकळे. खेळात मी याच क्षणाची वाट पाहत असे — आवाज तिकडे, वाट इकडे. कडी काढली की मागच्या फाटकातून —

एकच डबा वाजतो आहे.

धुरपता किंचाळली —

लगेच
डाव्या हाताने लोखंडी कपाट बडवते आहे. उजव्याने लिहिते. ते परत आले. दार आत फुगते आहे.

डोमाजी जिवंत आहे. पाय पिळला गेला आहे. धुरपताने त्याला खिडकीपर्यंत ओढत आणले. सडक दूर आहे. ती त्याला घेऊन तिथे पोचेपर्यंत मला थांबायचे नाही. थांबले तर ते तिच्या मागे —

ती गजाला धरून रडते. तिला रागावले, मोठ्याने. रागावणेही आवाजच —

वरचे बिजागर गेले.

चार्ज दिला, गजांतून:
शाळेच्या सर्व किल्ल्या.
भुयाराची कॅसेट. जाळायची. कोणी लावायची नाही.
ही पाने, सचिवांसाठी.
घेणार: धुरपता, अंगठा.
देणार: अनुसू —