शून्याला वितळणारं सिलिकॉन

२ मे, शुक्रवार
पीएच.डी.ची शेवटची मुदतवाढ ३१ला संपते. त्यानंतर नोंदणी रद्द. घाबरायचं कारण नाही, विषय तोंडपाठ आहे. सिलिकॉन म्हणजे सीलंट, केकचे साचे वगैरे. ते हळूहळू गार केलं की उणे ऐंशीच्या आसपास त्यात स्फटिक धरतात, तूप रवाळ होतं तसे. उणे चाळीसला ते वितळतात. त्याचं जेल केलं की यात काय बदलतं, हा माझा प्रबंध. हे जगात सगळ्यांनी मोजलंय, पण नागपुरात मी मोजणार आहे.
संकल्प: रोज पहाटे उठून लॅब.

३ मे, सकाळी ९.४०
उठलो. झोप चांगली झाली. संशोधकाला झोप आवश्यकच.

५ मे
नमुना तयार. दोन्ही द्रव मिसळून तर्री-पोहे खायला गेलो. अर्ध्या तासाने सैलसर जेल होणार होतं. चव्वेचाळीस डिग्रीत त्याला घाई झाली. आलो तर पेल्यात चमच्यासकट रबर. चमचा घरचा होता.
गाईड नागसेन सरांचं म्हणणं, जेल एवढं घट्ट झालं की साखळ्या बांधल्या जातात, मग स्फटिक धरत नाहीत, नवीन नमुना कर. सर जुन्या वळणाचे आहेत. मी त्याच रबराचे तुकडे कापून घेतले.

८ मे
नमुना गार करायला लागणारा डिपार्टमेंटमधला द्रव नायट्रोजन संपलाय. कोणी अडवू शकत नाही मला. माझ्या बायकोचा, श्वेताचा, भाऊ धर्मेंद्र पारशिवनीला गाई-म्हशींचं कृत्रिम रेतन करतो. सांडाचं बीज गोठवून ठेवायला त्याच्याकडे नायट्रोजनचा कॅन असतो. मागितला. तो म्हणाला, थोडाच घ्या भाऊजी, बीज उघडं पडू देऊ नका. थोडाच घेतला.

९ मे
रबराचा तुकडा चिमुकल्या डबीत घालून मशीनमध्ये गार केला, मग तापवला. आलेख सरळ रेघ. काहीच गोठलं नाही, काहीच वितळलं नाही. मशीन जुनं आहे.

१४ मे
लॅबचा एसी बंद. अशा उकाड्यात डोकं चालत नाही, मशीन कसं चालेल? घरचा कूलर ऑटोत घालून नेला. नवीन वाळा, टाकी काठोकाठ, तोंड थेट मशीनकडे. श्वेता दारात उभी राहून बघत होती. विज्ञानाला त्याग लागतो. तिने केला.

१६ मे, दुपारी ३
सापडलं! आलेखात मोठा खड्डा. काहीतरी वितळतंय, आणि उणे चाळीसला नाही, बरोबर शून्याला. प्रत्येक तुकड्यात शून्य. इतकी अचूकता जगात कोणाला मिळाली नसेल. माझ्या जेलमध्ये नव्या जातीचा स्फटिक आहे. नाव: दुर्गेश-स्फटिक. (तूर्तास. नंतरही हेच.)
सरांना फोन केला. त्यांनी आकडा दोनदा विचारला, भारावले असावेत. मग म्हणाले, एकदा रिकामी डबी मशीनमध्ये लावून बघ. रिकाम्या डबीत काय बघायचं?

२० मे
धर्मेंद्रचा फोन. मी चौथ्यांदा थोडाच घेतल्यावर कॅन कोरडा पडला म्हणे. सगळं बीज वाया गेलं. गावोगावचे शेतकरी बोलावून राहिले, म्हैस माजावर आली की थांबत नाही. मी त्याला धीर दिला, प्रबंधात पहिले आभार तुझेच.
"मले आभार काहून पायजे, भाऊजी? मले नायट्रोजन पायजे."
शोधाची किंमत लोकांना उशिरा कळते.

२५ मे
नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. श्वेता ओली चादर पांघरून झोपते. कूलर मागायचं तिने सोडलंय. समजूतदार आहे.

२८ मे
समितीपुढे सादरीकरण. दुर्गेश-स्फटिकाच्या स्लाइडला कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सर सगळ्यांना घेऊन लॅबमध्ये आले. एक रिकामी डबी मशीनमध्ये लावली. सिलिकॉनचा कण नाही. शून्याला खड्डा आला, माझ्यापेक्षा मोठा. मग सरांनी स्वतः उठून कूलर बंद केला, पाणी पुसलं, मशीन वाळवून पुन्हा चालवलं. सरळ रेघ.
रागावले असते तर बरं झालं असतं. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दुर्गेश, कूलरची ओल डबीवर गोठत होती गा. सिलिकॉन नाही, बर्फ वितळून राहिला."
मी म्हटलं, तरी आलेख सुबक आहे.

३१ मे, शनिवार
नोंदणी रद्द झाली. एवढी वर्षं. जिन्यात बसलो थोडा वेळ.
कूलर ऑटोत घालून घरी आणला. श्वेताने टाकी भरली आणि विचारलं, काय निघालं शेवटी? खोटं सुचलं नाही. बर्फ, म्हटलं.
तिने कूलरच्या जाळीवरची धूळ पदराने पुसली.
"नवतप्यात मी इथं भाजून राहिली होती, अन् तुमच्या तिथं बर्फ जमून राहिला होता."
मला लाज वाटली. याला कारण सापडेना, मशीन जुनं असल्याचंही सांगवेना. कूलरसमोरची खाट तिला दिली. डोळे मिटता मिटता ती म्हणाली, धर्मेंद्रले फोन करा, माफी मागा.
उद्या करीन.