ओढ्यापलीकडची फळी

लाकूडतोड कॅम्प नं. ४, वॉशिंग्टन राज्य
२ मार्च १९२६

ती. सौ. व्हर्नीताईस,
ऑर्व्हलचा सा. न.

उशीर झाला, रागावू नकोस. पायाला भिंगरी असलेल्याला लिहायला कुठली फुरसत, असं तू म्हणणारच. पण या वेळी तीन महिने एका जागी टिकलोय. झाडं एवढी जाड, की करवतीच्या त्या टोकाला कोण ओढतोय ते दिसत नाही.

इथं कशालाच खरं नाव नाही. अंडी म्हणजे कुकुडबोरं. पिठाची तळलेली गोड कडी कॉफीत टाकली की तळ गाठतात, म्हणून ती बुडी. स्वयंपाक्याला पोटकापू म्हणतात, नि तो ओ देतो! माणसांचंही तेच. माझा जोडीदार स्वीडनचा म्हातारा, गालात कायम तंबाखू, म्हणून तोबरा. मला अजून नुसतंच 'ए नव्या'. खरं नाव विचारायची सोय नाही. विचारलं, की पोलिसांचा माणूस समजतात.

आता मन घट्ट कर. तोबरा सांगत होता, आपल्या डोंगरातला एक उंच गडी इथं होता, अंड्यांवरसुद्धा काकवी ओतायचा. म्हणून त्याचं नावच काकवी. ताई, हा आपला हरवलेला क्लेलदादाच नव्हे का? पण दोन हिवाळ्यांमागं वरून तुटकी फांदी आली नि तो जागीच गेला. ओढ्यापलीकडं पुरलाय. फळीवर 'काकवी' एवढंच कोरलंय. दादाची एखादी खूण कळव. आईला सांगू नकोस.

लोभ होता तसाच राहू दे.
तुझा ऑर्व्हल


बेंट फोर्क, केंटकी
२८ मार्च १९२६

चि. ऑर्व्हल यास अ. उ. आ.

सांगू नकोस म्हणालास, पण मी पत्र वाचत होते तेव्हा आई माझं तोंड वाचत होती. तिनं सरळ विचारलं, गेला की आहे? मी म्हटलं, ठाऊक नाही. ती म्हणाली, सहा वर्षं माझा पोरगा ना घरात ना स्वर्गात, असं किती दिवस ठेवणार?

तुला माहीतच आहे, ऑगस्टात चर्चचे आयसम बाबा येतील, वर्षभरात गेलेल्यांची नि गेल्याचं कळलेल्यांची नावं टेकडीवरच्या दफनभूमीत मोठ्यानं घेतील, त्यांच्यावर प्रवचन करतील. दादा गेला असेल तर त्याचं नाव तिला ऐकायचंय. पण जिवंत माणसाचं नाव तिथं घेतलं तर त्यासारखं पाप नाही. म्हणून मला खात्री हवी. त्याच्या डाव्या हाताची करंगळी अर्धीच आहे, उसाच्या चरकात गेली होती.

आणि वेड्या, अंड्यांवर काकवी तू ओतत नाहीस? आपल्या खोऱ्यात कोण ओतत नाही?

जिवाला जप.
तुझी ताई


कॅम्प नं. ४
९ मे १९२६

ती. सौ. ताईस सा. न.

करंगळीचं तोबऱ्याला विचारलं. तो एवढा हसला की तोबरा बाहेर पडला. म्हणाला, बोटांवरून माणूस शोधतोस? या कॅम्पात पूर्ण दहा असलेला तू एकटा, आणि तूही अजून नवा आहेस. काकवीचं एखादं बोट नव्हतं, पण कुठलं ते देव जाणे.

मग कानावर आलं, सात नंबरच्या कॅम्पात काकवी नावाचा माणूस जिवंत आहे. रविवारी अकरा मैल चालत गेलो. ताई, वाटेत मी चक्क गात होतो. दादा भेटला की आधी एक मुस्काटात द्यायची, मग गळ्यात पडायचं, असं ठरवलं होतं. पाहतो तर तांबड्या केसांचा, आपल्या शेजारच्या टेनेसीचा पोरगा. त्यानं मला कॉफी दिली. म्हणाला, आपल्या डोंगरातून जो येतो त्याचं हेच नाव पडतं. आणखी दोघं काकवी त्याला ठाऊक होते. एक अलास्काला गेला, एक कुठं गेला कोणाला पत्ता नाही.

परत आलो तर पोटकापूनं ताट पुढं सरकवलं नि म्हणाला, घे रे काकवी. ज्यानं त्यानं तेच सुरू केलंय.

काय लिहू पुढं?
ऑर्व्हल


बेंट फोर्क
२७ जून १९२६

चि. ऑर्व्हल यास आशीर्वाद.

तुझं पत्र मी चुलीत घातलं. आईला सांगितलं, अजून शोधतोय. तिच्या पायांची सूज पोटापर्यंत चढलीय. डॉक्टर म्हणाले, बर्फ पडेपर्यंत काढेल. तिचा एकच घोशा, यंदा नाही तर माझ्याच्यानं पुढच्या ऑगस्टपर्यंत थांबवणार नाही.

मी तुला खोटं लिही म्हणत नाही. काय आहे ते एका ओळीत लिही. जे लिहिशील ते मी तिला वाचून दाखवेन, एक अक्षर इकडचं तिकडं न करता.

वाट पाहते.
ताई


कॅम्प नं. ४
१८ जुलै १९२६

ती. सौ. ताईस सा. न.

तोच होता. करंगळी अर्धीच होती, डाव्या हाताची. प्रवचन करा.

ऑर्व्हल


बेंट फोर्क
२३ ऑगस्ट १९२६

चि. ऑर्व्हल यास अ. उ. आ.

प्रवचन झालं. आईला खुर्चीत बसवून चौघांनी वर नेलं. आयसम बाबांनी क्लेल टॅकेट हे नाव तीनदा घेतलं, बायका रडल्या. आई रडली नाही. संपल्यावर बाबांना म्हणाली, छान घेतलंत नाव.

घरी आल्यावर मला सांगितलं, खाट दारापासून हलव, आता रस्ता कशाला दिसायला हवा? भिंतीकडं फिरवली. त्या दिवसापासून तिनं तोंडात घास घेतलेला नाही. मी चमचा पुढं नेते, ती मान फिरवते. परवा एवढंच म्हणाली, पोरगा तिकडं पोचलाय, मग मी इथं कोणासाठी बसू? इतकी वर्षं ती कशावर जगत होती, ते तुला नि मला आधी कळायला हवं होतं.

हे पत्र हातात पडेल तोवर तुला घाईनं निघण्यात अर्थ उरणार नाही. येऊ नकोस.

करंगळीचं खरं-खोटं मी विचारणार नाही. तूही मला कधी सांगू नकोस. संध्याकाळी रस्त्यावर कुणाची पावलं वाजली की मी उठून दार लावून घेते.

लोभ आहे, पण सध्या पत्र धाडू नकोस.
व्हर्नी