पदरावरचा कण

खिदिरपूर, कलकत्ता
गुरुवार, १२ फेब्रुवारी १९५३

तीर्थस्वरूप वन्संना वृंदाचा वाकून नमस्कार.

नागपूरहून धाडलेला तिळगूळ पोचला. निम्मे लाडू वाटेत फुटले होते, पण चुरा खायला कोण लाजतंय! मुलांचा खोकला गेला का? इथली थंडी आवरली. मासळीच्या वासाची सवय होईल असं तुम्ही लग्नात म्हणाला होतात, ती झाली. बंगाली मात्र अजून अर्धीच कळते. भाजीवाल्याशी भांडण्यापुरती येते, समेटापुरती येत नाही.

तुमच्या भावाची तब्येत बरी आहे, असं लिही म्हणून ते पलंगावरून सांगताहेत. उजव्या डोळ्यात कचरा गेला होता, वृंदानं लगेच काढला, थोडी सूज आहे म्हणून पट्टी बांधलीय, ताईनं काळजी करू नये. इथपर्यंतचं त्यांचं. पुढचं माझं आहे.

वन्सं, लग्नाच्या आदल्या दिवशी हळद कांडताना तुमच्या डोळ्यात काहीतरी उडालं होतं, आठवतं? मी खालची पापणी ओढली, तुम्हांला वर बघायला लावलं आणि ओल्या पदराच्या टोकानं ते अलगद टिपलं. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, हिच्या हाताला गुण आहे. नव्या नवरीला तेवढं पुष्कळ होतं. आमच्याकडे खळ्यावर रोज कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यात कुसळ जायचं. वरची पापणी खालचीवर ओढायची, नाहीतर वाटीभर पाण्यात डोळा बुडवून उघडझाप करायची, की निघालंच. रुतलेल्याला हात लावायचा नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या खळ्यावर लोखंड उडत नव्हतं.

सोमवारी, दोन तारखेला, हे बोटीवर तपासणीला गेले होते. खलाशी हातोड्यांनी डेकचा गंज ठोकून काढत होते. त्यातली कपची उडाली. दुपारी डोळा धरूनच घरी आले. मी पाणी मारलं, पदर लावला, पापणी ओढून पाहिली. बुबुळावर काळा ठिपका होता, तो हलेना. शेजारचे हरिपदबाबू पूर्वी दवाखान्यात कंपाउंडर होते, त्यांना हाक मारली. ते दारातून पाहूनच म्हणाले, “तुलो ना, मा. तुलो ना.” आणि टॅक्सी आणायला जिना उतरले.

दोरीवरचे कपडे काढायला इथे ‘तोला’ म्हणतात, म्हणजे ‘तुलो’ हे काढ, तेवढं मला येत होतं. आणि ‘ना’ तर आपलंच की. ये ना, बस ना, काढ ना. म्हातारा माणूस एवढी गळ घालतोय, मग वाट कसली पाहायची? रुखवतातलं चांदीचं कानकोरणं घेतलं, उकळत्या पाण्यात बुडवलं. यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि मान एवढीशीही हलवली नाही. माझ्यावर इतका भरवसा, वन्सं. मी टोक लावलं, जरा जोर दिला आणि ठिपका दिसेनासा झाला. बाहेर आला नाही. आत गेला.

हे म्हणाले, निघाला का? मी रडत होते. डोळे पुसले त्या पदराला काजळ लागलं होतं, काळा कणच होता. तोच मी त्यांना दाखवला. हा बघा, म्हटलं.

माझ्याच डोळ्यातलं काजळ होतं ते. त्यांनी निरखून पाहिलं, हसले आणि हरिपदबाबूंनी आणलेली टॅक्सी परत पाठवली. म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. चार दिवस आम्ही घरी बसलो.

शुक्रवारी डोळा इतका भडकला की डॉक्टरांकडे जावंच लागलं. ते म्हणाले, लोखंड आतच आहे आणि डोळा गेला आहे. गेलेला डोळा कधीकधी चांगल्यालाही ओढून नेतो, म्हणून इजेपासून पंधरा दिवसांच्या आत तो काढून टाका. म्हणजे येत्या सोमवारपर्यंत. त्याआधी डाव्याला उजेड सोसेना झाला, तर त्याच दिवशी या, असंही बजावलं.

हे तयार नाहीत. म्हणतात, “कण निघालेला मी स्वतः पाहिलाय. निघालेल्या कणापायी डोळा कशाला देऊ?” डॉक्टरांवर विश्वास नाही, माझ्यावर आहे.

शनिवारी नळावर हरिपदबाबूंची नात कुंडीतलं फूल खुडत होती. आजी वरून ओरडली, “फूल तुलो ना!” आणि पोरीनं चटकन हात मागे घेतला. भरलेली बादली मी तिथेच ठेवली. वन्सं, यांच्या भाषेत ‘ना’ मागून येतो आणि नको म्हणतो. दोनदा सांगितलं होतं म्हाताऱ्यानं मला.

पण शब्द चुकला ती चूक होती. काजळ दाखवलं ते पाप. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढणारीची ही गोष्ट कुणाला सांगू?

तुम्ही या आणि त्यांना समजवा, असं लिहायला बसले होते. तुमचं ते ऐकतात. पण हे पत्र पोचेपर्यंत शनिवार उजाडेल, आणि मेलनं निघालात तरी सोमवार गाठणं कठीण. आणि आज सकाळपासून ते खिडकीकडे पाठ करून बसलेत. ऊन फार आहे म्हणाले, पडदा ओढ. बाहेर ढग आहेत. डावा डोळा पुसताना मी त्यांना दोनदा पाहिलं.

लेखणीची कुरकुर ऐकून आत्ता त्यांनी विचारलं, “एवढं काय लिहितेस ताईला?” मी लिहीतच राहिले. तर म्हणाले, “वाच ना.”

आपला ‘ना’ आहे, वन्सं. या वेळी मला नीट कळला. तिळगुळापासून इथवर सगळं वाचून दाखवते आणि लगेच टॅक्सी मागवते. वाचल्याशिवाय हे पेटीत टाकणार नाही. पत्र तुमच्या हातात पडलं, तर त्यांना सगळं कळलं असं समजा. मग ते मला काय म्हणाले, हे मला नका विचारू, त्यांनाच विचारा.

जिच्या हाताला गुण आहे म्हणाला होतात, ती
वृंदा