तक्त्यातली शांतता

टिळकवाडी, बेळगाव
१ फेब्रुवारी १९८७

ती. आक्कास,
कृष्णातचा स. जयभीम.

आई जाऊन चार वर्षं झाली. तिनं निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळताना म्हटलेल्या गाण्यांची टेप माझ्याकडे आहे. कोणत्या सुरामागून कोणता सूर किती वेळा येतो, याचा तक्ता करून मी कॉलेजच्या कॉम्प्युटरला दिला. त्यावरून तो नवी चाल रचतो. आवडली तर एक कळ दाबायची, नावडली तर दुसरी. तसा तो पुढची चाल बदलतो. मध्येच सूर थांबतात, ते मला इतके भावले की दर वेळी होकाराची कळ दाबली. इथल्या संगीत परिषदेच्या अध्यक्षांनीही चाल ऐकून त्या जागांना मान डोलावली. महिनाअखेरीस ही चाल तिथं ऐकवणार आहे. सोबत कॅसेट. मास्तर गवई झाला म्हणून हसू नकोस.

तुझा,
कृष्णात

निपाणी
११ फेब्रुवारी

चि. कृष्णातास अ. आ.

कॅसेट मालुबाईंना ऐकवली. आईच्या शेजारी बसून तंबाखू चाळायच्या त्या, आईला तानी म्हणायच्या. ऐकून म्हणाल्या, तानीला ढास लागली की गाणं तुटायचं. ती ढास समदी हितं हाय, तानी तेवढी न्हाय.

लई शिकलास न्हवं रं? खोकल्याच्या जागी काय लिहिलंस तक्त्यात? तंबाखूच्या ज्या धुरळ्यानं आई गेली, त्याची नक्षी केलीस. शिसारी आली मला. परिषदेत हे वाजवलंस तर निपाणीची वाट विसर.

पोरांना आशीर्वाद. त्यांच्यावर राग नाही.

कोंडाबाई

टिळकवाडी
१ मार्च

ती. आक्कास स. जयभीम.

खोकला हा सूर नव्हे, म्हणून तिथं मी 'शांतता' असं लिहिलं होतं. म्हणजे दर होकारानं मी आईला आणखी खोकायला लावत होतो. हे कळल्यापासून ती कळ बघवत नाही.

काल परिषदेत यंत्राची चाल लावली नाही. आईची मूळ टेप लावली, ढाशीसकट. थांब्यांना मान डोलावणाऱ्या अध्यक्षांनी पहिल्याच ढाशीला नाकाला रुमाल लावला. जेवणाच्या आधी हे नको, बंद करा, म्हणाले. त्यांची किळस आली.

पण आक्का, टेप मी बंद केली. कडवंही पुरं होऊ दिलं नाही.

अजून भाऊ म्हणावंसं वाटलं, तर दोन ओळी लिही.

कृष्णात