तीनदा पुढे ढकललेली तारीख

पप्पा, तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते आणि तुमच्या लेखी तुमचा मुलगा होते. आता अठ्ठावीस वर्षांची आहे, नोएडात सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते, आणि तुमच्याशी बोलायचं आहे ते एका तारखेबद्दल.

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधली ती दुपार मला अजून नीट दिसते. मी दहा वर्षांची. ताईचा निळा सलवार-कमीज घालून कपाटाच्या आरशासमोर उभी आहे, आणि ताप आल्यामुळे तुम्ही ऑफिसातून लवकर घरी येता. दारातच थांबता. "ताईचा आहे ना? विचारलंस तिला?" मी मानेनेच नाही म्हणते. "न विचारता दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. घडी घालून ठेव." एवढंच बोलून तुम्ही तापाची गोळी शोधायला लागता. तुम्हाला काय कळलं होतं, हे मी कधी विचारलं नाही. एका वाक्यावरून निष्कर्ष काढू नये, हे मी कामातही पाळते.

हॉर्मोनच्या गोळ्या सुरू करायला डॉक्टरांनी मार्चमध्येच होकार दिला. रक्ताचे रिपोर्ट ठीक होते, मानसोपचारतज्ज्ञांचं पत्र होतं, पुढेमागे मूल हवंसं वाटलं तर म्हणून शुक्राणू गोठवून ठेवले होते. तरी मी तारीख तीनदा पुढे ढकलली. एकदा ऑफिसातल्या रिलीजसाठी, एकदा ताईच्या बाळंतपणासाठी, एकदा घर बदलायचं म्हणून. कारणं तिन्ही खरी होती. पुरेसं एकही नव्हतं.

गेल्या रविवारी आई मटार सोलत होती. तिला हे सगळं दोन वर्षांपासून माहीत आहे. त्यातलं एक पचवण्यात गेलं.

"बेटा, या गोळ्यांनी चेहरा बदलतो?"

"हळूहळू. थोडा मऊ दिसायला लागतो."

"आणि नाक?"

"नाकाचं हाड तसंच राहतं."

"अच्छा! म्हणजे ह्यांच्या चेहऱ्यातलं नेमकं नाकच राहणार. तेवढंच तर वाईट होतं."

आम्ही दोघी हसलो. मग ती सालं टाकायला उठली आणि बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. मी बाजूने दिसले की ती बोलता बोलता थांबते, हे मी अकरा वर्षं पाहते आहे. तुमचा चेहरा रोज तिच्यासमोर जेवायला बसतो. तो आपण काढून घेतोय, असं मला वाटत होतं. बाकीची कारणं त्यावर घातलेलं झाकण. ती परत आली तेव्हा मी म्हटलं, "अजून थांबू शकते मी."

"माझ्यासाठी थांबली असशील, तर बिल्कुल थांबू नकोस. चलो, कुकर लाव."

येत्या सोमवारी सकाळी पहिली गोळी. काल खिडकीपाशी, एकाच उजेडात, मी माझ्या चेहऱ्याचे पाच फोटो काढले. नोंदीसाठी दोन पुरे होते, एक समोरून, एक बाजूने. उरलेले तीन मी तुमच्यासारखी एक भुवई उंचावून काढले. हे पत्र कुणाला दाखवणार नाही, तसे तेही आईला दाखवणार नाही. ते मला हवे होते.