मागे दिलेला ऊस

३ डिसेंबर
पोहोचले एकदाची! माळेगावच्या उसात पत्र्याची शेड, शेजारी माझी खोली आणि शेडमध्ये गाड्यावर बसवलेला माझा लाडका यंत्रहात. माणूस ऊस कसा तोडतो ते कॅमेऱ्यातून बघून त्याने शिकायचं, हे माझं एम.टेक.चं काम. बारामतीहून स्टोव्ह, पातेलं आणि उगाचच दोन कप आणले. येणार कोण आहे म्हणा!

५ डिसेंबर
शिकवायला जोतीरामआबा आले. ऊसतोड जोडीचं काम. नवरा तोडतो, न बघता हात मागे करून बायकोला देतो, ती मोळी बांधते. आबांची बायको म्हाळसा मागच्या हंगामात वारली. तरी ते हात मागे करतातच. ऊस खाली पडतो. मला भरून आलं. आबा मात्र हौसेने शिकवत होते. म्हणाले, यंत्र जेवढं लवकर शिकंल तेवढं बरं.

१४ डिसेंबर
शिकलं! तोडतं आणि आबांसारखाच हात मागे करतं. गंमत म्हणजे, ऊस पडला अशी नोंद सेन्सरवर येत नाही. कुणीतरी ओढून घेतला अशी येते. संध्याकाळी रानात मोळ्या बांधलेल्या होत्या. आबांनीच बांधल्या असणार, दुसरं कोण?

२० डिसेंबर
आठवडाभर घरून फोन नाही. मी कामात असेन असं त्यांना वाटतं. आज चहा गाळला आणि दुसरा कप न बघता मागे धरला. स्वतःलाच हसले. खरं सांगते, दिवसभर सेन्सरवरच्या त्या ओढीची वाट बघते. तेवढीच सोबत.

२६ डिसेंबर
सरांचा निरोप आला: हात मागे करण्यात वेळ जातो, ते काढून टाक. काढलं. जुनं रेकॉर्डिंगही पुसलं. यंत्र झपाझप तोडू लागलं. आबांना कौतुकाने दाखवलं, तर ते म्हणाले,
"हातात ऊस मिळत हुता म्हणून ती रानात ऱ्हायची, ताई. द्यायचं थांबलं की घरी येती. मला आता हुईना, म्हणून तर यंत्राला शिकवलं."

२७ डिसेंबर
आबांच्या घराला कुलूप. सकाळच्या एसटीने मोरगावला लेकीकडे गेले म्हणे. मला न सांगता.

२८ डिसेंबर
स्टोव्हजवळ उसाची मोळी. माझ्या ओढणीने बांधलेली. दाराला आतून कडी होती.

२९ डिसेंबर
भर दुपार. यंत्राची वायर काढलीय. घरी फोन लावला — कुणी उचलत नाही.
पाठ भिंतीला टेकून बसलेय. मागे भिंतच आहे. तरी कुणीतरी हात पुढे करून उभं आहे. वाट बघतंय — मला कळतं ते, वाट बघणं —
हात मागे जातोय. मी नेत नाहीये. डाव्या हाताने वही तिकडेच सरकवत लिहितेय, उजव्या हातात फक्त पेन, आणि ती ते ओढ