देवघरातली बासरी

शुक्रवार पेठ, सोलापूर
१४ ऑक्टोबर २०२५

चि. महेश्वर यास अव्वाचे अनेक आशीर्वाद.

तुम्ही तिघं बरे असाल. मीही बरी आहे. पाकीट बघून घाबरू नकोस, तब्येतीचं काही नाही. फोनवर तू घाईत असतोस आणि माझ्या तोंडून 'बरं' सोडून दुसरं काही निघत नाही, म्हणून कागद घेतला. दिवाळी झाली की टेम्पो घेऊन तू मला कायमची पुण्याला न्यायला येणार आहेस, त्याबद्दल लिहायचंय. पण आधी बासरीचं सांगते.

न्यूमोनियानंतर डॉक्टरांनी ते श्वास ओढून नळ्यांतल्या प्लॅस्टिकच्या गोळ्या वर चढवायचं खेळणं दिलं होतं ना, त्याचा मला वीट आला होता. गोळ्या वर गेल्या काय आणि खाली आल्या काय, घरात कौतुक कुणाला? मग कुंभारीच्या बिरुदेव सरांकडे बासरीची शिकवणी लावली. वयानं तुझ्याहून लहान आहेत, पण सर म्हणजे सर. आजोबा मेंढरांमागे बासरी वाजवायचे, यांनी रीतसर परीक्षा दिल्या. शिकवताना आवाज चढत नाही. मीच चिडते, स्वतःवर.

तू पाठवलेली बासरी आली त्या दिवशी मी किती मिरवली! शेजारच्या चारजणींना बोलावून दाखवली. केवढी लांब, रेशमी दोरे गुंडाळलेली, मखमली पिशवीत. आपल्याकडे मिक्सर आला तरी आधी देवापुढे ठेवून विभूतीचे तीन पट्टे ओढतात, मग हिला कसं सोडायचं? ओढले. नेमके फुंकायच्या भोकाशी. सरांसमोर बसून जोरात फुंकर मारली, तर सगळी विभूती उडून त्यांच्या मिशीवर!

"अवो आजी, हिला बी इबूत लावलीसा व्हय?" म्हणाले. आत भाकरी थापणारी त्यांची बायको राजाबाई इतकी हसली की तिची भाकरी करपली.

मग बोटं ठेवायला घेतली. आयुष्यभर भाकऱ्या थापून माझी बोटं जाड झालीत रे, लांब नाही झाली. खालच्या भोकावर बोट पोचेचना. पोचलं तर वरचं सुटायचं, आणि सुराऐवजी नुसता वारा. सरांनी माझं मनगट धरून पाहिलं. म्हणाले, "बासरी लई चांगली हाय. पण तुमच्या हाताची न्हाय."

मी ऐकते होय? माझ्या लेकानं पाठवलीय म्हटलं. दिवाळी तोंडावर आली तरी बोटं ताणत राहिले. हात खांद्यापर्यंत ठणकायचा, पण तुला फोनवर 'छान वाजते' म्हणायचे. शेवटी सरच म्हणाले, "कुणाचं मन राखाया वाजवायची नसती की ओ. ही धरून बगा." आणि त्यांनी एक आखूड बासरी हातात दिली. साधा बांबू, दोरा नाही की पिशवी नाही. माझी बोटं भोकांवर जाऊन बसली, जशी परातीच्या काठावर बसतात. फुंकलं आणि सूर आला. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. एवढ्या वर्षांत आपल्या मापाची वस्तू मी स्वतःसाठी कधी निवडलीच नव्हती. लुगडी तुझ्या आजीनं निवडली, चपला तुझ्या अप्पांनी.

ती बासरी मी ठेवून घेतली. तुझी देवघरात आहे. रोज फूल वाहते. हसशील, पण आपल्यात जे वापरता येत नाही आणि टाकवत नाही, ते देवघरातच जातं.

महेश्वरा, तुझ्या फ्लॅटमधल्या त्या खोलीचे फोटो पाहिले. सूनबाईनं पडदेसुद्धा माझ्या आवडीचे लावलेत. तुम्ही दोघं मला जपाल, वेळेवर गोळ्या द्याल, जेवलीस का विचाराल. शिवू शाळेतून येऊन आजीच्या गळ्यात पडेल. आणि मी तिथे तशीच बसेन, रोजचं फूल घेऊन. वाजणार नाही.

मी येणार नाही रे. हे लिहायलाच एवढं पाल्हाळ लावलं.

तू रागावशील त्यापेक्षा तू घाबरशील याची मला काळजी. अप्पा गेले तेव्हा तू वाटेत होतास. त्याबद्दल आपण कधी बोललो नाही. तू बोलत नाहीस म्हणून मीही नाही. आज सांगते. त्यांनी शेवटी तुझं नाव काढलं ते तक्रारीनं नव्हे. "महेशला गाडी हळू चालवू दे," एवढंच म्हणाले. तू उशीर केलास असं त्यांना वाटलं नाही, मला तर कधीच नाही. त्या रात्रीची भरपाई म्हणून मला नेत असशील, तर ती भरपाई कुणी मागितलेली नाही. ते ओझं खाली ठेव, बाळा.

एकटी आहे, हे खरं. संध्याकाळी घर खायला उठतं, तेही खरं. पण सकाळी मी केस विंचरून, बासरी पदराखाली धरून कुंभारीच्या बसला उभी राहते, तेव्हा कंडक्टर विचारतो, "आजी, आज काय शिकनार?" कुणीतरी मला पुढचं विचारतं. बाकीचे सगळे गोळ्या घेतल्या का ते विचारतात.

दिवाळीला तिघंही या. शेंगाची चटणी करून ठेवते. माझा सा अजून थरथरतो, तुझ्यासमोर तर जास्तच थरथरेल, तरी वाजवीन. टेम्पो मात्र सांगू नकोस. परत जाताना वाकून नमस्कार कर आणि मला दारात उभी सोडून जा. मागे वळून बघितलंस तरी चालेल, मी हात हलवत असेन.

तुझीच, पण सोलापुरातली,
अव्वा